हाडाचं इंजेक्शन

स्वप्नात वरचा दात पडला तर घरातलं वडीलधारं जातं, खालचा पडला तर पोटचं. मोकपो बंदरात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. बुन-न्ये आजीच्या स्वप्नात खालचा दात तीनदा पडला होता, रक्ताचा थेंबही न येता. आणि तिचा एकुलता एक गी-थेक खेकड्यांच्या बोटीवर, भर समुद्रात.

"आई, तुझी स्वप्नं माझ्या पोटावर उठलीत," तो फोनवर खेकसला. "बोट सोडून घरी बसू का?"

"बस ना! मी कुठं नको म्हणतेय?"

तो हसला. आजी मात्र रात्रभर रेडिओवरचं हवामान ऐकत बसली.

सकाळी शेवाळाचं सूप पिताना जिभेला काहीतरी टणक लागलं. शिंपल्याची कपची असेल म्हणून ती हातावर थुंकली. तो दातांच्या डॉक्टर प्योंनी खालच्या जबड्यात पक्का बसवलेला नकली दात होता, स्क्रूसकट. स्क्रूला हाडाचा पिवळट तुकडा चिकटलेला. रक्त नाही, दुखणं नाही, अगदी स्वप्नातल्यासारखं.

घाबरायचं सोडून आजीच्या जिवात जीव आला. स्वप्न आपल्यावरच फळलं, पोरावरची पीडा टळली!

दवाखान्यात तो तुकडा पाहून डॉक्टर प्योंचा चेहराच उतरला.

"आजी, दात बसवण्याआधी मी विचारलं होतं, काही औषध चालू आहे का?"

"मग सांगितलं की! हाडाचं इंजेक्शन घेते."

"गुडघ्यातलं ना?" तिकडे गुडघेदुखीच्या इंजेक्शनालाच सगळे तसं म्हणतात.

"गुडघ्यात कशाला? दंडात. हाडं ठिसूळ झालीत म्हणून."

डॉक्टरांनी हातातला आरसा खाली ठेवला. त्या औषधानं हाडं टिकतात, पण क्वचित कुणाच्या जबड्याची जखम भरतच नाही.

"चूक माझी. नीट खोदून विचारायला हवं होतं. तिथलं हाड मेलंय, आजी. आत अजून किती, ते एक्स-रे काढल्यावर कळेल."

"मी जिवंत आणि हाड मेलं?" आजीनं तुकडा रुमालात बांधला. टेकडीवर नवऱ्याच्या थडग्याशेजारी तिची जागा राखलेली होती. "चला, थोडीथोडी करून आधीच जाऊन बसते."

डॉक्टरांना हसू आलं नाही.

तेवढ्यात फोन वाजला. गी-थेकचा आवाज कापत होता.

"आई, तू बरी आहेस ना? मला स्वप्न पडलं गं. वरचा दात..."

आजीची जीभ रिकाम्या खाचेत गेली. तिथं मांस नव्हतं, नुसतं कोरडं हाड लागलं.

"स्वप्नं कसली बघतोस वेड्या," ती म्हणाली, "जाळं बघ."