टाचणीच्या नावावर

सोमवारी सकाळी टाचणी ऑफिसात शिरली तेव्हा अख्खं ऑफिस तिच्याकडे बघून हसत होतं. हसणारे पाच-सहाच जण होते, पण ऑफिसात माणसंच मुळी तेवढी, म्हणून अख्खं म्हणायचं.

"काय झालं?" बॅग खाली ठेवत तिनं विचारलं.

"ताई, तुम्ही स्वतःशीच भांडता का हो?" बडबड्या म्हणाला. हा तिच्या शेजारच्या टेबलावर बसायचा. हातानं कामाला बरा आणि तोंडानं त्याहून बरा. "हे बघा ना. तुम्ही विचारलंय, 'हा मूर्खपणा कोणी केला?' खाली तुम्हीच उत्तर दिलंय, 'मी केला, तुला काय करायचंय?' आणि त्याच्याखाली, 'दोघंही जिन्यात या, तिथे बोलू.' तेही तुम्हीच!"

टाचणीनं स्क्रीन बघितला आणि कपाळाला हात लावला.

टाचणी हे अर्थातच तिचं खरं नाव नव्हे. कुठे काही ढिलं झालं, सुटायला आलं, की ही गुपचूप जाऊन ते टाचून ठेवायची, म्हणून मास्तरांनी तिला ते नाव दिलं होतं. मास्तर म्हणजे कंपनीतले सगळ्यात जुने प्रोग्रॅमर. गेल्या वर्षी निवृत्त झाले, पण नाव मागे ठेवून गेले.

ही कंपनी दातांच्या दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवायची. कोणता पेशंट कधी यायचा, कोणत्या डॉक्टरांच्या खुर्चीत बसायचा, सगळा हिशेब त्यात. सॉफ्टवेअर चोख, पण ते बनवणाऱ्यांच्या घरी मात्र सगळा सावळा गोंधळ. लिहिलेला कोड एका म्हाताऱ्या सर्व्हरवर, दवाखान्यांच्या तक्रारी भलतीकडेच, त्या कोडच्या तपासण्या बडबड्याच्या मशीनवर आणि महत्त्वाचे निर्णय जिन्यात. दोन महिन्यांपूर्वी नव्या मॅडम आल्या आणि त्यांनी फर्मान काढलं, की सगळं एका छपराखाली आणायचं. त्यासाठी त्यांनी एक मोठा प्लॅटफॉर्म घेतला. कोड तिथेच लिहायचा, तिथेच एकमेकांचा तपासायचा, तक्रारीही तिथेच आणि दवाखान्यांकडे नवी आवृत्ती पाठवायची तीही तिथूनच. कोणत्याही ओळीवर बोट ठेवा, ती कोणी लिहिली, कधी लिहिली आणि का बदलली, सगळी कुंडली समोर.

जुनं सामान या नव्या घरात हलवायचं काम टाचणीकडे आलं. अशी कामं तिच्याकडेच यायची. बिघडलं तर सगळ्यांना दिसतं आणि नीट झालं तर कुणाला पत्ताही लागत नाही, असं एखादं काम निघालं की सगळ्या माना एकदम तिच्याकडे वळायच्या.

काम तिनं नेटानं केलं, पण एक गोष्ट नजरेतून सुटली. जी माणसं कंपनी सोडून गेली होती, त्यांची नव्या घरात खातीच नव्हती. मग त्यांच्या सामानाचं काय करायचं? प्लॅटफॉर्मनं आपल्या परीनं सोपा न्याय लावला. ज्याचा धनी सापडत नाही ते सगळं, सामान आणणाऱ्याच्या नावावर. एका रात्रीत टाचणी सगळ्या गेलेल्यांची वारस झाली. त्यांनी लिहिलेला कोड, त्यांची भांडणं, त्यांचे टोमणे, सगळं तिचं. एक जोडपं इथेच एकमेकांचा कोड तपासता तपासता जमलं होतं आणि लग्न करून दुसऱ्या कंपनीत गेलं होतं. आता 'तुझा कोड नेहमीच सुंदर असतो' असं टाचणीच टाचणीला म्हणत होती, वर लाजतही होती.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण दुपारी मॅडमनी तिला आत बोलावलं.

"बसा," मॅडम म्हणाल्या. त्यांच्या समोर प्लॅटफॉर्मनं काढलेला तक्ता होता. कोणी किती काम केलं याचे उभे पट्टे. बाकीच्यांचे पट्टे गवतासारखे, आणि मधोमध टाचणीचा माडासारखा. "गटप्रमुखाची जागा भरायची आहे, हे तुम्हाला माहीत आहे. मी बडबड... मी दुसऱ्या एकाचा विचार करत होते. पण हे बघितलं आणि थक्क झाले. एवढं काम करून तुम्ही गप्प कशा बसता?"

खोटं कशाला सांगायचं, टाचणीला क्षणभर फार बरं वाटलं. आपला पट्टा छताला टेकलेला बघायला कुणाला आवडणार नाही? आणि ती जागा तिला हवी होती. कधीपासून हवी होती. पण हे म्हणजे आयत्या बिळावर नागोबा, आणि नागोबा व्हायचं तिच्या रक्तात नव्हतं.

"मॅडम, हे माझं नाही," ती म्हणाली. "म्हणजे सगळं नाही. हलवताना चूक झाली. सोडून गेलेल्या लोकांचं काम माझ्यावर पडलंय."

"अस्सं." मॅडमनी तक्त्याकडे पुन्हा बघितलं. "मग यात तुमचं खरं किती?"

टाचणीनं तो माडासारखा पट्टा पुन्हा बघितला. "माहीत नाही."

"मग ते आधी निस्तरा. शुक्रवारी मला खरा तक्ता दाखवा. जागेचं तेव्हाच ठरवू."

घरी येताना टाचणीच्या डोक्यात तेवढं एकच घोळत होतं. चूक निस्तरायला ती कधीच घाबरली नव्हती. भीती होती ती त्यानंतरची. ज्याचं त्याला वाटून झाल्यावर आपल्या नावावर उरणार काय? इतकी वर्षं ती लोकांचं सुटलेलं टाचत आली होती. एखादा स्वल्पविराम, एखादी विसरलेली अट, चुकीचा रंग. टाचण्यांचा ढीग घातला तरी त्याचा काही कोट होत नाही.

तिचा नवरा शाळेत चित्रकला शिकवायचा. त्याला तिनं जेवताना सगळं सांगितलं.

"सोपं आहे," तो म्हणाला. "चांगलं चांगलं ठेवून घे, भिकार तेवढं परत कर."

"तू मुलांना हेच शिकवतोस का?"

"मुलांना शिकवावं लागत नाही, त्यांना उपजतच येतं." मग तिचा चेहरा बघून तो गंभीर झाला. "अगं, थोडं निघालं तर थोडं. तुझं तरी असेल."

बोलायला काय जातं, असं टाचणीच्या मनात आलं, पण तिनं त्याला भाजी वाढली.

दुसऱ्या दिवशी ती कामाला लागली. जुन्या सर्व्हरवरचं एकेक नाव घेऊन तिनं त्या त्या माणसाचा पत्ता शोधला, त्यांची खाती उघडली आणि सगळं सामान नव्यानं हलवलं. या खेपेला प्लॅटफॉर्म प्रत्येक जुन्या माणसाला मेल पाठवणार होता, 'हे काम तुमचं आहे का?' खाली दोनच बटणं. हो आणि नाही. हो म्हटलं की काम त्याच्या नावावर. नाही म्हटलं की परत टाचणीच्या पदरात.

हे करताना तिचा हात एकाच ठिकाणी थबकला. ढकलगाडीपाशी.

ढकलगाडी हे सॉफ्टवेअरमधल्या एका भागाचं ऑफिसातलं लाडकं नाव. एखादे डॉक्टर अचानक आले नाहीत, तर त्यांच्या सगळ्या पेशंटना नव्या वेळा वाटून द्यायच्या, कुणाचीही दाढ जास्त दिवस ठणकत ठेवायची नाही, ते या भागाचं काम. दवाखाने हे सॉफ्टवेअर घ्यायचे ते बहुतेक ढकलगाडीपायीच. टाचणी कंपनीत नवी नवी उमेदवारी करत होती तेव्हा मास्तरांनी ते काम तिला दिलं होतं. उमेदवारांना तेव्हा स्वतःचं लॉगिन मिळत नसे, म्हणून ती त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून त्यांच्याच नावानं लिहायची. लिहून झालं आणि मास्तर म्हणाले, "आता तू बाजूला हो." मग ते दार लावून आत बसले, चांगले पंधरा-वीस दिवस. बाहेर आले तेव्हा ढकलगाडी पळत होती. टाचणी काय समजायचं ते समजली. आपलं लिहिलेलं कचऱ्यात गेलं आणि मास्तरांनी सगळं पहिल्यापासून केलं. तिनं कधी विचारलं नाही. विचारून आणखी कशाला लाज काढून घ्यायची?

तिनं ते सगळं मास्तरांच्या नावापुढे लावलं आणि मेल सोडून दिला.

गुरुवारपर्यंत एकेकाचं 'हो' येत गेलं. जोडप्यानं तर लगेच होकार दिला. मूर्खपणावरून भांडणाऱ्यांपैकी एकानंही दिला, वर लिहिलं, 'तो मूर्खपणा शेवटी कोणाचा होता ते कळलं का?' टाचणीचा पट्टा दर होकाराला बोटभर खाली येत होता. माडाचं झुडूप झालं, झुडपाचं रोपटं. ती बघत राहिली. आश्चर्य म्हणजे तिला वाटलं होतं तितकं वाईट वाटलं नाही. घर आवरल्यावर जसं मोकळं वाटतं तसं थोडं वाटलं.

आणि मग मास्तरांचं उत्तर आलं. 'नाही.'

टाचणीनं ते दोनदा वाचलं. मास्तर रागावले असणार. आयुष्यभर केलेलं काम, ते आठवडाभर दुसरीच्याच नावावर होतं, हे त्यांच्या कानावर गेलं असणार. तिनं लगेच फोन लावला.

"मास्तर, चुकून नाही दाबलंत का?"

"मी आयुष्यात चुकून काही दाबलेलं नाही," पलीकडून आवाज आला. "उद्या सकाळी येतो. माझ्यासाठी खुर्ची ठेव. चाकांची नको, घसरते."

शुक्रवारी मास्तर आले. चष्मा पुसला, टाचणीच्या शेजारी बसले आणि तक्रारीच्या सुरात सुरुवात केली.

"हे सगळं तू माझ्या गळ्यात कशाला मारतेस? निवृत्त माणसाला जरा सुखानं जगू दे. हे बघ. ही जुनी ओळ. महिन्याला सरसकट तीस दिवस! कोणी लिहिलं हे?"

टाचणीला आठवलं. "मी."

"मग? चोर सोडून संन्याशाला फाशी? उद्या माझा नातू हे उघडून बघेल आणि म्हणेल, आजोबांना महिन्याचे दिवस मोजता येत नव्हते. नाही, ही ढकलगाडी मला नको. ती तुझी आहे, तुझ्याकडे ठेव. बाकीचं माझं मी घेतो."

"पण मास्तर, ढकलगाडी तुमची आहे. मी लिहिलं होतं ते तुम्ही टाकून दिलंत ना? आणि सगळं नव्यानं केलंत."

मास्तरांनी चष्मा नाकावर ओढून तिच्याकडे बघितलं. "कोणी सांगितलं?"

"तुम्ही दार लावून बसला होतात की."

"वाचत होतो."

"इतके दिवस?"

"समजायला वेळ लागला. तू ज्या तऱ्हेनं ते केलं होतंस, तसं मला सुचलं नसतं. मी ते मोडायचा खूप प्रयत्न केला. कसेही डॉक्टर गैरहजर ठेवले, एका दिवशी तर सगळेच ठेवले. मोडेना. तीस दिवसांची भानगड सापडली, तेवढी ओळ दुरुस्त केली. बाकी जसंच्या तसं ठेवलं." ते जरा चिडलेच. "चालतं आहे त्याला मी कशाला हात लावू?"

टाचणी जे मेलं म्हणून धरून बसली होती ते इतकी वर्षं रोज सकाळी सगळीकडच्या दवाखान्यांत जागं होऊन कामाला लागत होतं, आणि तिला ठाऊकच नव्हतं. तिचे डोळे भरून आले आणि त्याच वेळी तिला मास्तरांचा असा संताप आला, की तो कुठे ठेवावा हे कळेना.

"मग मला एका शब्दानं सांगितलं का नाहीत?"

"तू विचारलं नाहीस." मग मास्तरांचा आवाज खाली आला. "आणि मला वाटलं, तुला माहीत असेल. आपलं लिहिलेलं आपल्याला ओळखू येतं, असं मी आपलं धरून चाललो. चुकलंच माझं."

पलीकडे बडबड्या टाइप करायचा थांबला होता. आता तो उघड उघड ऐकत होता.

टाचणीनं डोळे पुसले. माउस हातात घेतला आणि मास्तरांचं बाकीचं सगळं काम त्यांच्या नावावर केलं, ढकलगाडीतली मात्र ती तीस दिवसांची दुरुस्ती तेवढीच. मास्तरांनी मान डोलावली, तेवढ्यावर त्यांचा हक्क होता. उरलेली ढकलगाडी तिनं आपल्या नावावर ठेवली. मग तक्ता नव्यानं काढला. मास्तरांचा पट्टा सगळ्यात उंच, जसा असायला हवा तसा. तिचा त्यांच्या खांद्याला लागत होता.

तो बघायला ती फार वेळ थांबली नाही. उठली, मॅडमच्या दारावर टकटक केली आणि आत गेली.

"झालं निस्तरून?" मॅडमनी विचारलं. "निघालं का काही तुमचं?"

"निघालं," टाचणी म्हणाली. "तक्ता तुम्हाला पाठवलाय, सवडीनं बघा. पण त्याआधी एक सांगायचं होतं. ती गटप्रमुखाची जागा मला हवी आहे."