कॅप्टन नूतनच्या कानांवरून

मी एक हेडसेट. वैमानिकांच्या कानांवर असतो ना, तोच. दोन गाद्या, डोक्यावरून जाणारी एक पट्टी आणि तोंडासमोर आलेला बारीक माईक, एवढंच माझं शरीर.

जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. शुद्ध आली ती धुळ्याच्या धावपट्टीवर, हितेंद्र सरांच्या कानांवर. ते विमान चालवायला शिकवायचे. दोंडाईच्याची नूतन त्यांची विद्यार्थिनी. निवृत्त होताना सरांनी मला तिच्या हाती दिलं.

नूतन आता प्रवासी विमानाची कॅप्टन आहे. दिल्लीहून डोंगरातल्या एका विमानतळावर नेहमी जाते. तिथे उतरायची वाट दरीतून. उतरायचं की नाही ते शेवटच्या वळणाआधीच ठरवावं लागतं. पुढे समोर डोंगर, विमान फिरवायला जागाच नाही.

गेल्या मार्चमध्ये तिचे आईवडील, प्रमिलाबाई आणि वना नाना, पहिल्यांदा तिच्या विमानात बसले. नानांना बर्फ बघायचा होता. गावभर सांगून आले होते.

वळण दोन मिनिटांवर आलं आणि टॉवरचा आवाज माझ्यातून गेला. मागून वारा, बारा नॉट. आमची मर्यादा दहाची; त्याहून जोराचा वारा मागून ढकलत असला तर विमान धावपट्टीवर थांबेलच असं नाही.

"मॅडम, मघाशी आठच होता," शेजारचा सहवैमानिक ललित म्हणाला. "कमी होईल. धावपट्टी तर स्वच्छ दिसतेय."

"दिसतेय. पण वळल्यावर वाढला तर?"

नूतनने टॉवरला पुन्हा विचारलं. तेरा. तिचा श्वास माझ्या माईकवर क्षणभर अडकला, मग मोकळा झाला.

"परत फिरतोय," ती म्हणाली.

दिल्लीला उतरल्यावर ती दाराशी उभी राहिली, मी गळ्यात. एक गृहस्थ चिडून म्हणाले, "धावपट्टी दिसत होती, मग भीती कसली?"

"वारा दिसत नाही ना, काका. म्हणून मोजतो."

सगळ्यांच्या शेवटी नाना आले. नूतनचा चेहरा उतरला. ती घरच्या अहिराणीत म्हणाली, "नाना, तुमनं बरफ देखानं राही गयं."

"बरफ काय पळी जास का, बेटा?" नाना हसले. "इतला लोके तुना भरवसावर बसेल व्हतात."

दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी त्यांना घेऊन पुन्हा तिथे गेलो, तेव्हा वारा चार नॉट होता. चाकं अलगद टेकली. विमानतळाबाहेर रस्त्याकडेला बर्फाचा ढीग होता. नानांनी त्यातला मूठभर उचलून प्रमिलाबाईंच्या तळव्यावर ठेवला. "बठ्ठा हात सुन्न व्हई गया," म्हणत त्या हसत सुटल्या. नूतन मला गळ्यातच विसरली होती, म्हणून ते हसणं मलाही ऐकायला मिळालं.

आता माझ्या गाद्या फाटल्या आहेत, उजव्या कानात खरखर होते. पुढच्या महिन्यात नवा हेडसेट येणार आहे. तक्रार नाही, पुष्कळ ऐकलं. जाता जाता एवढंच मागतो: कधी तुमचं विमान न उतरता परत फिरलं, तर दाराशी उभ्या असलेल्या वैमानिकाकडे रागाने बघू नका. नुसती मान हलवलीत तरी पुरे. त्या दोन मिनिटांत तिचा श्वास कसा चालतो, ते मला ठाऊक आहे.