अस्वलानं खाल्लेली केझाया

"जरा डावीकडे. माझ्या डोळ्यात नको, दगडावर पाड," ओपल म्हणाली.

व्हर्जिलनं हातातला आरसा वळवला. उन्हाचा कवडसा गवतावरून सरकत हायरम स्टॉलकपच्या थडग्यावर चढला. ओपल गुडघे टेकून झिजलेल्या अक्षरांवर मैदा चोळत होती. मैदा खाचांत भरला की अक्षरं उठून दिसतात. निम्मा मैदा तिच्या गालावर आणि केसांत गेला होता.

"एवढ्या मैद्यात टोपलीभर बिस्किटं झाली असती," व्हर्जिल म्हणाला.

"पोटाचं मागून. आधी तू माझा कोण लागतोस ते ठरू दे."

नाताळात त्यानं तिला मागणी घातली, तेव्हाही तिनं हेच सांगितलं होतं. व्हर्जिल हार्गिस सत्तरी ओलांडलेला, बायको कधीच गेलेली आणि तिच्या इच्छेप्रमाणे दूर माहेरी आईबापांशेजारी पुरलेली. ओपलही विधवा, माहेरची स्टॉलकप. "आपल्याला आता काय पोरं व्हायची आहेत?" त्यानं विचारून पाहिलं. "पोरं नसली तरी लाज आहे," ओपल म्हणाली, आणि भिंतीला लावायच्या कागदाची गुंडाळी उलटी पसरून वंशावळ मांडायला बसली. तेव्हापासून दर रविवारी व्हर्जिल तिला ट्रकमधून दफनभूमी दाखवत हिंडत होता. दुसरा कुणी असता तर एव्हाना पळून गेला असता.

दोष तिचा नव्हता, आमच्या खोऱ्याचा होता. टेनेसीहून बैलगाड्या घेऊन तीन घराणी इथे उतरली, स्टॉलकप, पर्डम आणि हार्गिस. पुढं पन्नास वर्षं चौथं कुणी फिरकलं नाही. अस्वलं सोडली तर लग्नाला दुसरं होतं कोण? परिणाम असा, की व्हर्जिल एका बाजूनं ओपलचा दूरचा चुलतभाऊ निघाला, दुसऱ्या बाजूनं मामा आणि तिसऱ्या बाजूनं भाचा.

"म्हणजे घरात मीच मला मामा म्हणायचं?" व्हर्जिलनं विचारलं होतं.

आज थडगी सजवायचा रविवार. गवत काढायचं, फुलं वाहायची आणि ओकच्या झाडांखाली सगळ्यांनी मिळून जेवायचं. जेवणाआधी काय ते सांगते, असं ओपलनं कबूल केलं होतं. व्हर्जिलनं इस्त्रीचा सदरा घातला होता आणि त्याला मनातून भीती वाटत होती.

तेवढ्यात लवेडा आली. ओपलच्या मेलेल्या नवऱ्याची, डेल्बर्ट पर्डमची ही बिनलग्नाची धाकटी बहीण. एका हातात तळलेल्या कोंबडीचं पातेलं, दुसऱ्या हातात फुलांची बादली.

"काय वहिनी, जिवंत माणसाला हो म्हणायला मेलेल्यांची परवानगी मिळाली का?"

लवेडानं पातेलं गवतावर ठेवलं आणि ती शेजारच्याच डेल्बर्टच्या थडग्यापाशी गेली. आमच्याकडे नवरा गेला की दगडावर बायकोचंही नाव कोरून टाकतात. शेवटचं साल तेवढं कोरं ठेवायचं. कोरणाऱ्याला दोनदा बोलावण्यापेक्षा स्वस्त पडतं. डेल्बर्टच्या नावाखाली लवेडानं एक गुच्छ ठेवला आणि ओपलच्या नावाखाली दुसरा. हे ती दरवर्षी करायची. स्वतःच्या थडग्यावरची फुलं बघायचं भाग्य सगळ्यांच्या नशिबी नसतं.

"माझा भाऊ वाट बघतोय, एवढं लक्षात असू दे," लवेडा म्हणाली.

ओपलच्या हातातला मैदा तसाच राहिला. त्या कोऱ्या जागेकडे ती बघत राहिली, आणि व्हर्जिल तिच्याकडे.

"म्हणजे अडलंय ते नात्यापाशी नाही," तो हळूच म्हणाला. "इथं अडलंय."

"दगडावर नाव आहे रे माझं," ओपल म्हणाली. "दगडावरचं कसं मोडायचं?"

आरसा व्हर्जिलच्या हातात कलला आणि कवडसा हायरमच्या दगडाच्या पार तळाशी उतरला.

"थांब! हलवू नकोस," ओपल ओरडली. तिनं घाईघाईनं तिथं मैदा चोळला. "केझाया. हायरमची बायको. जन्म नऊ एप्रिल अठराशे अकरा. पुढं कोरं."

"कोरंच असणार," लवेडा म्हणाली. "तिला अस्वलानं खाल्लं. पुरायला काही उरलंच नाही. माझी आई स्टॉलकपांचीच, ती सांगायची."

ही गोष्ट सगळ्या स्टॉलकपांना पाठ होती, आणि तिचा त्यांना थोडा अभिमानही होता. पण ओपल डोळे मिटून काहीतरी आठवत होती.

"व्हर्जिल, मागच्या रविवारी ओढ्यापलीकडे तुमच्या दफनभूमीत बघितली ती केझाया. आन्सेल हार्गिसची बायको. तिचा जन्म कधीचा?"

"नऊ एप्रिल," व्हर्जिल म्हणाला. "अठराशे अकरा." मग तो थांबला. "अगं, ती तर माझी खापरपणजी."

"आणि ही माझी."

त्या काळी काही वर्षं ओढ्याच्या अलीकडचे स्टॉलकप पलीकडच्या हार्गिसांशी बोलत नव्हते. विधवा सून त्यांच्यात जाऊन नांदते म्हणण्यापेक्षा अस्वलानं नेली म्हणणं घराण्याला बरं वाटलं असणार.

"म्हणजे ते अस्वल माझे खापरपणजोबा," व्हर्जिल म्हणाला.

ओपलला हसू फुटलं. मैद्याचे हात तोंडावर धरून ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. लवेडा मात्र गंभीर होती.

"मग मी चाळीस वर्षं इथं हायरमशेजारी केझायाची म्हणून फुलं कुणाला वाहतेय?"

"गवताला," व्हर्जिल म्हणाला. "आणि हायरमची तक्रार काही ऐकू आली नाही."

लवेडानं भावाच्या थडग्याकडे वळून ओपलच्या बाजूची जमीन बुटानं दाबून पाहिली.

"इथं सावली चांगली आहे," ती म्हणाली. "मला कुंपणाकडची जागा दिलीय. तिथं गाई अंग घासतात. तुझी ही रिकामी राहणार असेल तर मी घेते. भावाशेजारी."

"पण दगडावर नाव माझं आहे, लवेडा."

"असू दे की. शंभर वर्षांनी कुणीतरी आरसा घेऊन येईल. त्यालाही काही काम नको?"

ओपलच्या नावाखालचा गुच्छ तिनं उचलला, माती झटकली आणि ओपलच्या हातात कोंबला. "चला, कोंबडी गार होतेय," म्हणत पातेलं उचलून ती झाडांकडे निघाली.

व्हर्जिल जागेवरून हलला नाही. जेवणाआधीचं उत्तर अजून यायचं होतं.

"आरसा धर बघू," ओपल म्हणाली.

सवयीनं त्यानं तो दगडाकडे वळवला.

"तिकडं नाही रे," ती म्हणाली. आरशात बघत तिनं गालावरचा मैदा पुसला, केस सारखे केले आणि फुलं नवरीसारखी धरली.