लाल बाटलीचा हेवा

मित्रांनो, मी परभणी जिल्ह्यातल्या झरी गावचा एक जुना फिरकीचा तांब्या. माझं झाकण गोल फिरवून घट्ट बसवता येतं, म्हणून मला फिरकीचा म्हणतात. झाकणावर धरायला कडी आहे, आणि झाकण उपडं केलं की त्याचाच लहानसा पेला होतो. पूर्वी गावाला निघालेल्या माणसाच्या हातात माझ्यासारखा एखादा तांब्या हमखास दिसायचा. आज माझं पितळ काळवंडलं आहे आणि बुडाशी एक पोचा आलेला आहे. पण मला बोलायचं आहे ते माझ्या एका दुर्गुणाबद्दल. मी पुरतं दीड वर्ष एका लाल बाटलीवर जळत होतो.

मला मानवतच्या एका तांबटाने घडवलं. त्याने मला तापवलं, ठोकलं, गळ्यावर आटे पाडले आणि झाकण बसवलं. मग पाण्याने काठोकाठ भरून दुपारभर उलटं टांगून ठेवलं. खाली एक थेंब पडला नाही. "ह्यो पानी राखतो," एवढंच तो म्हणाला. मला वाटतं, मी गर्विष्ठ झालो तो त्याच दिवशी.

कमलबाईंच्या लग्नात त्यांच्या भावाने मला आंदण दिलं आणि मी झरीला माणिकरावांच्या घरी आलो. किती फिरलो म्हणून सांगू! शेतावर रोज, पालमच्या सोयऱ्यांकडे दिवाळीला, गंगाखेडला गोदावरीवर पर्वणीला. यष्टीत माझं झाकण फिरवलं की तिघं-चौघं तरी माना वळवायचे. "बाई, घोटभर देता का?" असं कोणी म्हटलं की मला धन्य वाटायचं. नामांतराच्या आंदोलनात यष्ट्या बंद होत्या तेव्हा तर कमलबाई परभणीला शिकणाऱ्या मुलाचा, म्हणजे भुजंगचा डबा घेऊन तिथपर्यंत पायी गेल्या होत्या. तेव्हाही एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात मी. दिवाळीला कमलबाई मला चिंच लावून घासत. मी इतका चमकायचो, की शेजारच्या बायनाबाई माझ्यात पाहून कुंकू सारखं करून घ्यायच्या.

पुढे भुजंग पंपाच्या कामात तरबेज झाला आणि मस्कतला एका मोठ्या शेतीवर फोरमन म्हणून गेला. मागे त्याची बायको पंचफुला आणि चार वर्षांची मुलगी रुख्मिणी राहिल्या. तो गेला तेव्हा पंचफुलाला दिवस गेले होते. सहा-सात महिन्यांनी मुलगा झाला, मुंजाजी. त्याने बापाला फक्त फोटोत पाहिलं.

आणि मग ती आली.

भुजंगने मानवतच्या एका माणसाबरोबर मुलीसाठी ती पाठवली होती. लाल रंगाची, आरपार दिसणारी, गळ्यात अडकवायला पांढरा पट्टा, वर नळी आणि पोटावर पिवळं बदक. तिला सगळे 'वॉटरबॅग' म्हणायचे. रुख्मिणी अण्णाची, म्हणजे बापाची, ती भेट गळ्यात घालून शाळेत जायची, अंगणात खेळायची, जेवायला बसायची. झोपतानाही उशाशी ठेवायची. मी फडताळाच्या वरच्या फळीवर गेलो. पंचफुला एकदा म्हणाली, "आत्याबाई, तांब्या लय जड हाय. आता ह्याचं काय काम?" कमलबाई काही बोलल्या नाहीत. त्या बोलल्या नाहीत, हे मला जास्त लागलं.

मित्रांनो, मी तिच्यात खूप खोड्या शोधल्या. तिच्यातलं पाणी उन्हात कोमट व्हायचं. त्याला कसलासा वास यायचा. तिला कोणी घडवलं नव्हतं, ठोकलं नव्हतं. ती कोणाच्या लग्नाला हजर नव्हती. आणि तरी सगळं प्रेम तिला! ती खाली पडावी, फुटावी, असं मी रोज चिंतायचो.

सत्त्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात भुजंगचं पत्र आलं. साहेबांनी कुटुंबाला आणायची परवानगी दिली होती आणि विमानाची तिकिटं पाठवली होती. मुंजाजीला दोन वर्षं पूर्ण व्हायला थोडे महिने होते, म्हणून त्याला मांडीवर घेऊन बसायचं होतं. दोन जागा, तिघं माणसं. निघायच्या दिवशी कमलबाईंनी मला खाली काढलं, चिंचेने घासलं आणि आडाच्या पाण्याने भरलं.

"आत्याबाई, रुक्मीची वॉटरबॅग हाय की," पंचफुला म्हणाली.

"असू दे. इमानात पानी देत्यात का न्हाई कोनाला ठावं? लेकरं संगं हायत. ह्याला जवळच ठिव."

पिशवीत माझ्या शेजारी मुलांचे कपडे होते आणि दशम्यांचं फडकं. बाटली मात्र रुख्मिणीच्या गळ्यात डोलत होती. मी पिशवीच्या तोंडातून तिला पाहत होतो आणि जळत होतो.

माणिकराव मुंबईच्या विमानतळाच्या दारापर्यंत आले. आत तपासणीच्या माणसाने मला पिशवीतून काढलं, हलवून पाहिलं. "काय आहे यात? उघडा. पिऊन दाखवा." पंचफुला झाकणात पाणी ओतून प्यायली. बाटलीकडे त्याने बघितलं, आरपार दिसलं आणि रुख्मिणीच्या गालाला हात लावून जाऊ दिलं. मी इतक्या वर्षांचा इमानी, आणि संशय माझ्यावर!

पुढे काउंटरपाशी बसलेल्या बाईंनी कागद तपासले आणि कपाळाला हात लावला. विमानातल्या साध्या जागांवर जास्त माणसं घेतली गेली होती. त्या बाईंनी मुंजाजीकडे पाहिलं, रुख्मिणीकडे पाहिलं आणि दोन नवी कार्डं लिहून दिली. "तुम्ही पुढे बसा. पहिल्या वर्गात. शेजारशेजारच्या दोन जागा आहेत."

पंचफुलाला त्यातलं इतकंच समजलं, की जागा शेजारशेजारच्या आहेत. तिला तेवढंच हवं होतं.

पहिला वर्ग म्हणजे काय थाट! खुर्च्या आमच्या झरीच्या बाजेएवढ्या रुंद. काचेचे पेले असे लखलखत होते, की मी एकदम त्यांचाही हेवा करू लागलो. पण आमच्या दोन जागांपैकी खिडकीजवळच्या जागेवर करड्या सफारीतले एक गृहस्थ बसले होते.

पंचफुलाने कार्ड पुढे केलं. "साहेब, ही जागा आमची हाय."

"मी नेहमी खिडकीशीच बसतो," ते वर न बघता म्हणाले. मग त्यांनी मुंजाजीला पाहिलं आणि घंटा वाजवली. हवाई सुंदरी आली. मराठीच होती. तिने त्यांचं कार्ड पाहिलं. त्यांची जागा एक ओळ मागे होती, वाटेच्या कडेला.

"सर, आपली जागा मागे आहे."

"ते मला माहीत आहे. पण लहान पोरांना या वर्गात घेताच कसं? तीन तास रडारड ऐकायची का? यांना मागच्या भागात पाठवा."

तेवढ्यात दारावरचा अधिकारी आत आला. त्याला घाई होती. तो पंचफुलाला म्हणाला, "बाई, मागे दोन माणसं आली नाहीत, तिथे जागा झाल्या आहेत. एक पंखाजवळ आणि एक अगदी शेवटच्या ओळीत. मुलीला शेवटच्या ओळीत बसवू. चला."

"एकलीला?"

"एवढी मोठी आहे की ती."

"सहा वर्षांची हाय. कधी मोटारीत एकली बसली न्हाई, आन् तुमी आभाळात बसवायलाव?" पंचफुला जागची हलली नाही. कडेवर मुंजाजी, खांद्याला पिशवी, पदराला रुख्मिणी. मागे माणसांची रांग तुंबली होती.

"तुम्ही ऐकणार नसाल तर उतरावं लागेल," अधिकारी म्हणाला. "पुढचं विमान शुक्रवारी आहे."

उतरायचं!  तिकडे भुजंग दारात येऊन उभा असेल. माणिकराव एव्हाना परतीच्या वाटेला लागले असतील. या शहरात पंचफुला कोणालाही ओळखत नव्हती.

आणि त्या वेळी मी काय विचार करत होतो, सांगू? मी रुख्मिणीच्या गळ्यातल्या बाटलीकडे बघत होतो. पट्टा तिच्या मुठीत घट्ट होता. मला वाटलं, एवढ्या संकटातही हिने धरलं ते त्या बाटलीलाच.

अधिकाऱ्याने "चल बाळ" म्हणून रुख्मिणीचा दंड धरला. ती मागे सरली. बाटलीचा पट्टा खुर्चीच्या हाताला अडकला, ताणला गेला आणि तटकन तुटला. बाटली खुर्चीवर आपटली, टोपण उडालं आणि सगळं पाणी त्या गृहस्थांच्या मांडीवर आणि गादीवर सांडलं.

मला झालेला आनंद लपवत नाही, मित्रांनो. फुटली! अखेर फुटली! तिच्या अंगावर बदकापासून बुडापर्यंत तडा गेला होता. मी मनात नाचलो.

मग रुख्मिणीचं रडू ऐकू आलं. ती ओरडून रडली नाही. तोंडावर हात दाबून हुंदके देत होती. "अण्णाला दाखवायची होती," ती म्हणाली. "अण्णानं दिलेली."

माझा नाच तिथेच थांबला.

गृहस्थ ताडकन उठले. "पाहिलंत? हेच म्हणत होतो मी!"

पंचफुलाने मुंजाजीला खाली ठेवलं, पिशवीतून टॉवेल काढला आणि त्यांच्यापुढे धरला. "पानी सांडलं ती आमची चूक. माफ करा साहेब. लेकरू भेलं. पन जागा आमची हाय आन् लेकरं माझ्याजवळच बसतील. ह्या पोराच्या बापानं त्याला अजून पाह्यलं न्हाई. मी शुक्रवारी जायची न्हाई. आजच जायाची."

 पलीकडच्या खुर्चीवरची एक म्हातारी इंग्रजीत काहीतरी म्हणाली, ते मला कळलं नाही, पण अधिकाऱ्याची मान खाली गेली. हवाई सुंदरीने ओल्या गादीवर हात ठेवून पाहिला आणि अगदी नम्रपणे म्हणाली, "सर, ही गादी आता तीन तास वाळणार नाही. आपली जागा मागे आहे. ती कोरडी आहे."

गृहस्थ एकदा ओल्या विजारीकडे आणि एकदा त्या खुर्चीकडे बघत राहिले. मग मागे जाऊन बसले. पंचफुलाने ओल्या गादीवर टॉवेल अंथरला, त्यावर मुंजाजीच्या बाळंत्यांची घडी ठेवली आणि रुख्मिणीला खिडकीशी बसवलं.

जागा मिळाली होती. आणि ती कोणी मिळवून दिली होती? मी, पाणी न सांडणारा तांब्या, पिशवीत गप्प बसून होतो. जे झालं ते बाटलीने सांडलेल्या पाण्याने झालं होतं. मी नव्याने जळलो.

विमान वर चढलं तसे मुंजाजीचे कान दुखू लागले. तो पाय झाडत रडू लागला. मागून गृहस्थांचा मोठा सुस्कारा आला. "त्याला काहीतरी गिळायला द्या," हवाई सुंदरी म्हणाली. पंचफुलाने मला बाहेर काढलं. फिरकी फिरली, झाकणात झरीच्या आडाचं पाणी आलं आणि मुंजाजी घुटघुट प्यायला. चौथ्या घोटाला त्याचं रडणं थांबलं. किती दिवसांनी मी कोणाच्या तरी तोंडाशी गेलो होतो!

पंचफुलाने झाकण रुख्मिणीपुढे धरलं. तिने मान फिरवली. "मला तांब्यातलं नको. माझ्या वॉटरबॅगमधलंच पाहिजे."

"फुटली ना गं ती, बाई."

रुख्मिणीने फुटकी बाटली तिरपी धरली, तडा वर केला आणि त्यावर अंगठा दाबला. "आता भर."

पंचफुला हसली. त्या दिवसातलं तिचं ते पहिलं हसू. तिने मला तिरपं केलं आणि माझ्यातलं पाणी बारीक धारेने त्या लाल बाटलीत ओतलं. थोडं पाणी तड्यातून झिरपलं, बाकी राहिलं. टोपण पुन्हा बसवून रुख्मिणी नळी तोंडात धरून प्यायली आणि खिडकीतून ढग बघत बसली.

मित्रांनो, मी दीड वर्ष जिच्या नाशाची वाट पाहिली, तिच्या पोटात माझं पाणी होतं. आणि ते पाणी एका मुलीची तहान भागवत होतं. मला अजूनही थोडं टोचत होतं, खोटं कशाला बोलू? पण पहिल्यांदाच मला ती एकटी आणि तुटलेली दिसली.

मस्कतला विमानतळाच्या दाराबाहेर भुजंग उभा होता. उन्हाने काळा झालेला, हातात खजुराची पुडी. मुंजाजी त्याला पाहून आईच्या पदरामागे लपला. भुजंगने हात पुढे केले, मग मागे घेतले. तो खाली बसला. रुख्मिणीने फुटकी बाटली त्याच्यासमोर धरली आणि मघापासून दाबून ठेवलेलं रडू आता मोठ्याने बाहेर काढलं.

"अगं, दुसरी आनू की!"

"दुसरी नको. हीच नीट करा."

भुजंग तिथेच जमिनीवर बसून तो तडा बघू लागला, बोटाने चाचपू लागला, जणू एखादा बिघडलेला पंपच. बाप काय करतोय हे बघायला मुंजाजी पदराआडून एक पाऊल पुढे आला. मग दुसरं. शेवटी त्याने बदकावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "बदक."

"व्हय रे राजा, बदक," भुजंग म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले.

मला त्या क्षणी कोणी विचारलं नाही. मी पिशवीत होतो. पण त्या दिवशी मला ते बोचलं नाही.

आज आम्ही परभणीला भुजंगच्या नव्या घरी राहतो. बाटलीचा तडा त्याने रबराच्या सोल्युशनने बुजवला होता, पण पुढे तिच्यात पाणी टिकलं नाही. ती कधी गेली, कोणी टाकली, मला माहीत नाही. मला तिची आठवण येते. आता माझ्या शेजारी एक स्टीलचा थर्मास असतो आणि सगळे त्याचंच कौतुक करतात.

म्हणून एवढंच सांगतो. तुमच्याही घरी एखादं जुनं भांडं वरच्या फळीवर असेल. त्याला खाली काढा, चिंच लावून घासा, ताजं पाणी भरा. आणि ते शेजारच्या नव्या वस्तूकडे वाकड्या नजरेने बघतंय असं वाटलं, तर त्याच्यावर रागावू नका. जुन्यांना हेवा वाटतो, कारण त्यांना अजून तुमच्या उपयोगी पडायचं असतं.