झाकण लावलं तरी दिसणारा तारा

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. पडद्यावर काळंभोर आकाश, त्यात एक लाल ठिपका आणि ठिपक्यापुढे हात जोडून बसलेली चारशे माणसं. खगोलशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या दुर्बीणताईला घाम फुटला. फोटो तिनेच काढला होता.

"हाच आरोग्यतारा!" ताराबाबा गरजले. "तीन फोटोंत बाकीचे तारे सरकले. हा तसूभर हलला नाही. याच्याकडे बघून पाणी प्या, गोळ्या गटारात टाका!"

पहिल्या रांगेतल्या तिच्या आत्याने मधुमेहाच्या गोळ्या आठ दिवसांपूर्वीच टाकल्या होत्या. साखर तीनशेच्या वर होती.

पहिल्याच प्रकल्पात सरांनी बजावलं होतं, "दर वेळी दुर्बिणीला झाकण लावूनही एक फोटो काढायचा." म्हणजे डोळे मिटून सिनेमा बघायचा, असं म्हणून हिने तो टाळला आणि 'नवा तारा!' लिहून फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. आत्याने तो गावभर पाठवला. पुढचं काम ताराबाबांनी केलं.

काल भर दुपारी सरांनी प्रयोगशाळेत झाकण लावून फोटो काढायला लावला. तारे गायब, ठिपका हजर! कॅमेऱ्यातला प्रकाश टिपणारा एक कण, म्हणजे पिक्सेल, बिघडला होता. उजेड असो नसो, तो आपला पेटलेला. आकाशातले तारे सरकतात. हा कॅमेऱ्यातच मुक्कामाला, सरकणार कुठे?

तिने उठून झाकण उंच धरलं आणि हे सगळं सांगितलं.

"अगंबाई, झाकणातूनही दिसतो?" मागून एक मावशी म्हणाल्या.

"बाकीचे तारे झाकणाला घाबरले," बाबा म्हणाले. "हा नाही!" टाळ्या.

"काल रात्री कॅमेरा बदलला तेव्हा दिसला नाही!" ती म्हणाली.

"रुसला. संशय घेतल्यावर कोण रुसणार नाही?"

झाकणाला हात लावायला रांग लागली. ते तिच्या हातून कधी गेलं, कळलंही नाही.

"बाबा," ती ओरडली, "दिसला तरी खरा, नाही दिसला तरी खरा! मग काय घडलं तर 'मी चुकलो' म्हणाल? एक तरी गोष्ट सांगा!"

बाबांनी माइकवर टकटक केलं. "आवाज येत नाही," ते म्हणाले. माइकवरूनच.

ती आत्याशेजारी जाऊन बसली. गोळ्यांची नवी पट्टी पुढे केली.

"म्हणजे तारा सापडलाच नाही तुला?" आत्याने विचारलं.

"नाही गं. चुकले मी."

"त्या बाबाला कोण विचारतं? आमच्या पोरीचा तारा म्हणून टाकल्या मी गोळ्या. सगळ्यांना सांगून बसले ना."

"मग आता सांग, आमची पोर चुकली. आणि गोळी घे."

आत्याने पट्टी पर्समध्ये टाकली. "घरी गेल्यावर बघू," ती म्हणाली आणि उठून झाकणाच्या रांगेत उभी राहिली.

वाचकांनी तरी घरी जाईपर्यंत थांबू नये. चमत्कार दिसला की आधी झाकण लावून बघावं. तरीही तो दिसत असेल, तर बिघाड आकाशात नाही, बघण्यात आहे.