निकाल फिरवल्याबद्दल आभार

आमची इमारत अधिकृत आहे. म्हणजे तिच्याविरुद्ध अजून कोणी कोर्टात गेलेलं नाही. समोरची 'सुखसागर' मात्र अनधिकृत निघाली, आणि तिच्या पायी कोर्ट आणि विधानसभेचं सभागृह यांच्यात जी जुंपली, ती मी माझ्या गॅलरीतून, हातात चहाचा कप धरून, पहिल्यापासून पाहिली आहे. त्यामुळे मी सांगतो त्यात फार तर चार आणे मीठमसाला असेल. आमची बायको प्रमोदिनी म्हणते बारा आणे. तिचं मनावर घेऊ नका.

सुखसागर कोपर स्टेशनच्या अलीकडे. बिल्डरने घरं विकताना परवानगीचे कागद दाखवले होते. त्यावरचा शिक्का इतका सुबक, की खरा शिक्का शेजारी ठेवला असता तर तोच खोटा वाटला असता. लोकांनी घरं घेतली, वास्तुशांती उरकल्या, बिल्डर गायब झाला. मग कोणीतरी कोर्टात गेलं आणि कोर्टाने निकाल दिला : परवानगी बनावट, इमारत पाडा.

तिसऱ्या मजल्यावर शिवराम आणि रंभाबाई राहायचे. शिवराम खोपटच्या एसटी डेपोत मेकॅनिक होता. निवृत्तीच्या वेळी हातात आलं ते सगळं त्याने या घरात घातलेलं. हॉलच्या भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, आणि शेजारी संविधानाची उद्देशिका, काचेच्या फ्रेममध्ये. एकुलती एक मुलगी पायल विठ्ठलवाडीला दिलेली, ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. सासरी दोन खोल्या आणि त्यात दिरांचे संसार. रंभाबाईंनी विहिणीला आधीच बजावलं होतं, "सव्वा महिना पोर आणि बाळ माझ्या घरात राहणार. तिथं तिला साधं पाय लांब करून झोपता येत नाही."

पायल आली आणि पाठोपाठ दारात पोकलेन आलं. चालवणारा पोपट नावाचा सोलापूरकडचा माणूस. त्याने यंत्राचा हात गच्चीच्या कठड्यापर्यंत उचलला, बायकांनी किंकाळी फोडली, आणि तेवढ्यात सेक्रेटरी मुकुलराव मोबाइल नाचवत जिन्यातून खाली आले.

"थांबा! कायदा झाला! सभागृहाने कायदा केला! सगळ्या अनधिकृत इमारती आजपासून अधिकृत!"

पोपट थांबला. दुपारी त्या कायद्यालाच कोणीतरी कोर्टात आव्हान दिलं. कोर्ट म्हणालं, सुनावणी होईपर्यंत 'जैसे थे'. महापालिकेचा अधिकारी कागद घेऊन धावत आला. पोपट म्हणाला, "साहेब, हात खाली घेऊ का?" अधिकारी घामाघूम झाला. "हात लावू नको कशाला! जैसे थे म्हणजे जैसे थे. उगाच कोर्टाचा अवमान व्हायचा."

तो हात तसाच राहिला. आठ दिवसांत त्याच्यावर कावळ्यांनी घरटं केलं, पंधरा दिवसांत चौथ्या मजल्यावरच्यांनी त्याला दोरी बांधून चादरी वाळत घातल्या. कारल्याचा वेलही चढला होता, पण तो प्रमोदिनीला दिसला नाही, म्हणून सोडून देतो.

आता चूक कुठे झाली ते सांगतो. आपल्याकडे कोणी काही केलं की फ्लेक्स लागतो. नळाला पाणी आलं, फ्लेक्स. पाणी गेलं आणि परत आलं, दोन फ्लेक्स. इथे तर घरं वाचली होती. सोसायटीची सभा भरली. मजकुरावर जेवढी चर्चा झाली तेवढी घर घेताना कागदांवर झाली असती तर मला ही गोष्ट सांगावी लागली नसती.

"नुसतं 'हार्दिक आभार' नको," शिवराम म्हणाला, "काय केलं ते पण येऊ दे ना. लोकांना कळलं पाहिजे."

"करेक्ट," मुकुलराव म्हणाले. "लिहा : कोर्टाचा निकाल एका दिवसात फिरवून दाखवल्याबद्दल लाडक्या आमदारांचे शतशः आभार!"

टाळ्या पडल्या. ठराव एकमताने मंजूर. फ्लेक्सवर मध्यभागी आमदार, हात जोडून. खाली रहिवाशांचे चेहरे, रांगेने. पायल म्हणाली, "पप्पा, माझा पोटासकट फोटो नको हां," तर शिवरामने तिचा लग्नातला लावला. स्टेशनबाहेर फ्लेक्स चढवायला शिडीवर तोच. डेपोतला माणूस, गाठी अशा मारल्या की वादळात खांब पडला असता, फ्लेक्स नाही.

सुनावणीला मीही गेलो. घरी गवार निवडायची होती. सोसायटीची वकील हेमांगी, डोंबिवलीचीच मुलगी, हुशार. आधी सरकारचे वकील उठले. फार मोठा माणूस. त्यांनी तासभर एकच मुद्दा मऊसूत करून मांडला : सभागृहाने कोर्टाच्या निकालाला बोटही लावलेलं नाही. फक्त घरांबद्दलचं धोरण बदललं. आता नव्या धोरणात एखादा जुना निकाल बसत नसेल, तर तो निव्वळ योगायोग.

न्यायमूर्तींनी मान डोलावली. हेमांगी माझ्याकडे वळून कुजबुजली, "काका, जमतंय बहुतेक."

तेवढ्यात समोरच्या वकिलाने पिशवीतून एक मोठा फोटो काढला. स्टेशनबाहेरचा फ्लेक्स. न्यायमूर्तींनी चष्मा पुसला आणि मोठ्याने वाचलं, "कोर्टाचा निकाल एका दिवसात फिरवून दाखवल्याबद्दल..." आणि थांबले. कोर्टात पंखा फिरत होता तोसुद्धा ओशाळला.

"हे कोणी लावलं?"

शिवराम सरळ माणूस. उभा राहिला. "मी लावला, साहेब. पक्का लावलाय."

हेमांगीने कपाळाला हात लावला.

न्यायमूर्ती रागावले नाहीत, तेच वाईट झालं. शांतपणे म्हणाले, "सभागृहाने हवा तो कायदा करावा, तो त्यांचा अधिकार. पण दोन पक्षांत न्याय करून आम्ही दिलेला निकाल 'आम्हाला मान्य नाही' म्हणून पुसून टाकणं, हा अधिकार घटनेने त्यांना दिलेला नाही. हा कायदा नाही. हा आमच्या खुर्चीत येऊन बसण्याचा प्रकार आहे." कायदा रद्द.

झालं. सभागृह पेटलं. "आम्हाला लाखो लोकांनी निवडून दिलंय, यांना कोणी मत दिलं?" असं म्हणत बाकं बडवली गेली, आणि दुसरा कायदा आला. त्यात कलम घातलं : या कायद्याकडे कोणत्याही कोर्टाने बघू नये. कोर्ट म्हणालं, बघायचं की नाही ते बघितल्याशिवाय कसं कळणार? आणि बघितलं.

त्यानंतरचे दिवस काय सांगू! सकाळी कोर्टाचा माणूस नोटीस चिकटवून जायचा, इमारत रिकामी करा. दुपारी सरकारचा माणूस त्याच्यावर दुसरी चिकटवायचा, कोणीही जागा सोडू नये. खळीचा आणि कागदाचा थर इतका जाड झाला की जिन्याची भिंत पहिल्यांदाच सरळ दिसायला लागली. सकाळी पाण्याची जोडणी तोडायचे, संध्याकाळी जोडायचे. मधल्या वेळात रंभाबाई आमच्याकडून कळशी न्यायच्या. तिसरा मजला. मी हसत हसत म्हटलं, "रंभाबाई, दोन हत्ती झुंजतायत, गवताने जरा बाजूला व्हावं." त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "गवताला पाय असते तर झालो असतो हो बाजूला. पोरीचा नववा लागलाय."

त्या दिवसापासून मी तसले विनोद जरा कमी केले.

शिवराम आमदारांकडे गेला. "शिवरामभाऊ, आम्ही आमचं काम केलं की नाही? दोन दोन कायदे केले. कोर्टच ऐकत नाही. तुम्ही कोर्टाला समजावा."

शिवराम हेमांगीकडे गेला. "काका, कोर्टाचा राग तुमच्यावर नाहीये. फक्त कायदा नीट करून आणा म्हणावं. तुम्हाला राहायला दुसरी जागा द्या, बिल्डरला धरा, असं काहीतरी घाला म्हणावं त्यात. तुम्ही आमदारांना समजवा."

"म्हणजे मी समजवायचं?" शिवराम म्हणाला. "दोघांना?"

हळूहळू सुखसागर रिकामी झाली. मुकुलराव ठाण्याला मुलीकडे गेले, जाताना सेक्रेटरीपदाचा राजीनामा दारावर लावून गेले. तो वाचायला मागे कोणी नव्हतं. रंभाबाई मात्र हलेनात.

एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे बसलो होतो. शिवराम एकदम उठला आणि उद्देशिकेची फ्रेम खिळ्यावरून काढायला लागला.

"अहो, काय करताय?"

"तू बोललेलीस ना, हे आपलं पुस्तक आहे, आपल्याला कधी घराबाहेर काढणार नाही? बघ. कोर्ट बोलतं पुस्तकात असं लिहिलंय. ते सभागृहवाले बोलतात तसं लिहिलंय. दोघं यातलंच वाचून दाखवतात आणि दोघांच्या मध्ये माझं घर."

"ठेवा ते जागेवर."

"कशाला?"

"कारण त्यात आपण पण आहोत. 'आम्ही, भारताचे लोक.' पहिलीच ओळ. आधी आपण, मग ती दोघं."

"मग आपल्याला कोणी विचारलं?"

पायल आत पोट धरून बसली होती, तिला वाटलं दोघं तिच्यावरून भांडतायत. ती म्हणाली, "आई, मी जाते विठ्ठलवाडीला. खरंच जाते." "गप बस," रंभाबाई इतक्या जोरात ओरडल्या, की खाली पोपटने डबा खाता खाता वर पाहिलं.

दुसरा कायदा रद्द झाला तेव्हा सभागृहाचं अधिवेशन संपलेलं होतं. तिसरा कायदा करायला सभागृहात माणूस नव्हता. कोर्टाने सांगितलं, आता उद्याच्या उद्या पाडा. त्या सकाळी पोपटने कावळ्याचं घरटं दोन्ही हातांनी उचलून आमच्या आंब्यावर नेऊन ठेवलं. आणि पायलला कळा सुरू झाल्या.

रंभाबाई जिन्यात उभ्या होत्या. एक पायरी वर, एक पायरी खाली. वर घर, खाली रिक्षात लेक. "पोपट, दोन दिवस रे! फक्त बाळ घरात येऊ दे!" त्या म्हणाल्या. पोपट मान खाली घालून म्हणाला, "मावशी, मला कोण विचारतंय?" शिवराम म्हणाला, "तू पोरीबरोबर जा. घराजवळ मी थांबतो." जसं काही घरालाच कळा येत होत्या.

कल्याणच्या दवाखान्यात पायलला मुलगी झाली, सुखरूप. इकडे दुपारपर्यंत सुखसागर बसली. मी खूप इमारती पडताना पाहिल्यात असं सांगत असतो, पण खरं तर ही एकच पाहिली. तिसरा मजला गेला तेव्हा शिवराम फूटपाथवर तसबीर आणि फ्रेम मांडीवर घेऊन बसला होता. उठला नाही.

दवाखान्यातून पायल बाळाला घेऊन थेट विठ्ठलवाडीला गेली. रंभाबाई आणि शिवराम आमच्याकडे, मागच्या खोलीत. रंभाबाईंनी डिंकाचे लाडू केले, डबा पाठवला, पण स्वतः गेल्या नाहीत. विहिणीला काय तोंड दाखवू, म्हणायच्या. पायलचा रोज फोन यायचा. इथे रात्रभर दिवा चालू असतो, आई. बाळ झोपत नाही.

आणि मग सभागृहाचं खास अधिवेशन भरलं. या वेळी त्यांनी कोर्टाला जागाच ठेवायची नाही असं ठरवलं होतं. कायदा झाला : ज्या इमारती उभ्या आहेत, ज्या उभ्या होत्या आणि ज्या उभ्या असायला हव्या होत्या, त्या सर्व अधिकृत, रहिवाशांच्या हक्कासकट. हे बारा आण्यांतलं आहे असं प्रमोदिनी म्हणेल. म्हणू दे.

संध्याकाळी आमदारांचा माणूस पेढे घेऊन ढिगाऱ्यापाशी आला. आम्ही तिघे खाली उतरलो.

"वहिनी, अभिनंदन! घर तुमचं झालं. आता कोर्टसुद्धा काही करू शकत नाही."

रंभाबाईंनी पेढा हातात धरला, खाल्ला नाही. "मग इथं पत्र्याची शेड टाकू का? पोरीला आणते. सव्वा महिना संपायला आठवडा आहे अजून."

"छे छे, शेड कशी टाकणार? इथं अधिकृत इमारत आहे. तिच्या जागेत शेड म्हणजे अनधिकृत बांधकाम."

"मग राहायचं कुठं?"

तो माणूस गोंधळला. त्याने एकदा ढिगाऱ्याकडे पाहिलं आणि मग बोट वर केलं, साधारण आमच्या गॅलरीच्या उंचीला. "तिसरा मजला ना तुमचा? तिथं. कायद्याने तिथंच."

रंभाबाईंनी तो दाखवत होता तिकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. शिवराम म्हणाला, "चल वर. यांच्या घरी चल." त्यांना ऐकू आलं नसावं. त्यांनी कमरेला खोचलेला मोबाइल काढला आणि पायलला लावला.

"घर झालं गं आपलं," त्या म्हणाल्या. "कायद्याने झालं."

पलीकडे बाळ रडत होतं, त्यामुळे पायलचा आवाज आम्हालाही ऐकू येईल एवढा मोठा होता. "खरंच, आई? मग मी आज येऊ? आत्ता निघू?"

रंभाबाई वर बघत राहिल्या. फोन चालू होता.