नमुना क्रमांक ४१७

संदर्भ : सूर्यभान, प्रयोगशाळा परिचर, यांचा अर्ज, दि. १२ ऑगस्ट १९८५.
विषय : आम्लाची इजा कामावर असताना झाल्याची नोंद होऊन आम्लाचे काम काढून घेणेबाबत.

उपरोक्त विषयातला साक्षीदार मी बोलतोय. मी फ्लेम फोटोमीटर, मुक्काम परभणी, माती तपासणी प्रयोगशाळा. मातीचा अर्क माझ्या ज्योतीत फवारला की काटा हलतो आणि पालाश, म्हणजे पोटॅशियम, किती ते कळते. मुंबईहून आलो तेव्हा सात महिने खोक्यातच होतो. खोके उघडण्याचा आदेश यायचा होता.

इजा झाली त्या दिवशी सूर्यभानने काच खाणाऱ्या आम्लाची प्लास्टिकची बाटली उचलली. झाकण सैल होते. हातमोजे कपाटात, किल्ली साहेबांकडे आणि साहेब नांदेडला. आम्ल मनगटापासून कोपरापर्यंत ओघळले.

"जळायलं न्हाई, नुसतं पांढरं पडलंय," म्हणत त्याने हात नळाखाली धरला आणि पुन्हा कामाला लागला. दुपारी कळ हाडात उतरली, छाती धडधडू लागली.

दवाखान्यात डॉक्टरांनी नाडी धरली. ती ठोके चुकवत होती. हे आम्ल कातडीतून आत शिरून रक्तातले कॅल्शियम बांधून टाकते, पेशींतले पोटॅशियम रक्तात येते आणि हृदय बिथरते. त्यांचे यंत्र बंद होते, म्हणून रक्ताची नळी सायकलवरून माझ्याकडे आली. रसायनतज्ज्ञ रंगनाथराव यांनी ते रक्त निवळून फवारले. जन्मभर माती चाखलेली, माणूस पहिल्यांदाच. निरोगी माणसाच्या रक्ताला पाचाच्या आत राहायचा काटा सातापुढे गेला. रंगनाथराव चप्पल न घालताच आकडा घेऊन धावले. शिरेतून कॅल्शियम गेले, सूर्यभान वाचला.

राहिली नोंद. वहीत रकाने तीन : शेतकरी, गाव, पीक. माणसाला रकाना नाही, आणि रकाना कोरा सोडला तर ठपका. लिपिक दत्तरावांनी नमुना ४१७ पुढे लिहिले : सूर्यभान, चुडावा, निरंक. पंधरा दिवसांनी नियमाप्रमाणे त्याच्या घरी कार्ड गेले, 'आपल्या जमिनीत पालाश जास्त आहे. पालाशयुक्त खत देऊ नये.' सल्ला पथ्य म्हणून चुकीचा नव्हता.

अर्जावर शेरा आला : नमुना ४१७ मातीचा आहे, इजेचा पुरावा नाही.

त्याची बायको सत्यशीला ते कार्ड घेऊन दत्तरावांच्या टेबलापाशी आली. "साहेब, आमाला गुंठाभर रान न्हाई. मग ही माती तुमी कुठून आणली?"

दत्तरावांनी वहीचे ते पान उघडले. मग म्हणाले, नोंद खोडता येत नाही. दुरुस्तीसाठी वेगळा अर्ज करा. तो त्यांनी स्वतःच लिहून दिला.

सूर्यभान रोज सकाळी माझी ज्योत पेटवतो. मग तीच बाटली उचलतो, आता डाव्या हाताने, कारण उजव्याची मूठ वळत नाही. तो ती खाली ठेवीपर्यंत माझा काटा स्थिर राहत नाही. यंत्रात दोष आहे, असे त्यावरून माझ्याविषयी लिहिले गेले आहे.

आज ३ मार्च १९८८. दुरुस्तीचा अर्ज प्रलंबित आहे.